मशीनच्या कोपऱ्यातला पिंजरा

४ फेब्रुवारी २००६
पल्लवी नोकरीसाठी पुण्याला गेली. तिचे दोन हॅमस्टर, राजा आणि राणी, माझ्या गळ्यात. जाताना तंबी: बाबा, पिंजरा फार लहान आहे, मोठा आणा, नाहीतर मी यांना घेऊन जाईन. म्हटलं, खुशाल ने. बापाला उंदरांची हौस नाही.

५ फेब्रुवारी, पहाटे
हॉलमध्ये बायकोचं, मोहिनीचं शिलाई मशीन चालू होतं. मोहिनीला जाऊन दोन वर्षं झाली. उठून पाहिलं. पिंजऱ्यात राजा चाकावर पळत होता, आवाज त्या चाकाचा. घाबरलो वगैरे नाही. पाणी प्यालो आणि तिथेच खुर्चीत बसलो, उजाडेपर्यंत.

७ फेब्रुवारी
द्वारका चौकाजवळ सलाउद्दीनच्या दुकानात गेलो. मोठा पिंजरा पाहिला. मावेल अशी जागा घरात एकच, मशीनचा कोपरा. मशीन हलवायचा प्रश्नच नाही. जड आहे, म्हणून. दसऱ्याला त्याला झेंडू वाहतो, तेल घालतो, ते यंत्राची निगा म्हणून. मधला पिंजरा बघू लागलो तर सलाउद्दीन म्हणाला, साहब, दो के लिए ये छोटाच पडेगा. विकायची टेक्निक! रिकाम्या हाताने परत.

९ फेब्रुवारी
दिंडोरीच्या कोल्ड स्टोरेजला आयुष्यभर स्टोअरकीपर होतो. कुठे काय मावतं ते मला दुकानदाराने शिकवू नये. माळ्यावरून द्राक्षांचे दोन क्रेट काढले, एकावर एक उपडा घातला, तारेने आवळले. डायनिंग टेबलाखाली फिट्ट बसले. हवेला हँडलची भोकं आहेतच. चाक काढून क्रेटमध्ये बसवलं, जुना पिंजरा माळ्यावर.

१० फेब्रुवारी
राणी हँडलच्या भोकातून पसार. शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, भाऊ, उंदराच्या औषधाची वडी आहे माझ्याकडे, टाकू का? त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

११ फेब्रुवारी
सापडली. मशीनच्या ड्रॉवरमध्ये. मोहिनीचा अबोली ब्लाउज अर्धवट राहिला होता, त्याच्या बाहीचं घरटं करून झोपली होती. हा ड्रॉवर मी दोन वर्षांत उघडला नव्हता. ओरडणार होतो. बाही तिलाच देऊन टाकली. भोकांना पुठ्ठा बांधला.

१५ फेब्रुवारी
पल्लवीचा फोन. क्रेटचं ऐकून चिडली. म्हणाली, दोघांना वेगवेगळे पिंजरे लागतील. मोठे झाले की यांना एकेकटंच राहायला आवडतं. म्हटलं, जोडी मोडायची नसते. म्हणाली, जोडी कसली, दोघं नर आहेत. राणीसुद्धा राजाच निघाली! तरी ठणकावून सांगितलं, एकट्याने राहायला कोणालाही आवडत नाही. तिने मग विचारलं, बाबा, जेवलात का? याचा इथे काय संबंध?

१८ फेब्रुवारी
राजाचा कान फाटला. राणीने फाडला. राणीला स्वयंपाकघरातल्या बादलीत हलवलं. बस झालं. उद्या मशीन सगुणाबाईंच्या सुनेला देऊन टाकायचं, कधीची मागते आहे. त्या जागी एकावर एक दोन मोठे पिंजरे. पल्लवी पुढच्या रविवारी बघायला येते आहे. निर्णय पक्का.

१९ फेब्रुवारी
सगुणाबाईंचा मुलगा भिमाजी मशीन न्यायला आला. हात लावू दिला नाही. सांगितलं, माझी पाठ धरली आहे. तो म्हणाला, उचलायचं तर मला आहे ना काका. म्हटलं, तरी.

२५ फेब्रुवारी
राजा रोज पहाटे चाकावर असतोच. मी डोळे मिटून पडून राहतो. मोहिनी ब्लाउज पूर्ण करते आहे असं वाटतं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही. हे दोघं इथून जाता कामा नयेत. मशीन उद्या सकाळी नक्की हलवतो, पल्लवी यायच्या आत.

२६ फेब्रुवारी
नाही हलवलं. पल्लवीने क्रेट पाहिला, बादली पाहिली, मग मशीनकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा, मी हलवते, आई काही म्हणणार नाही. मी ओरडलो, हात लावायचा नाही. संध्याकाळच्या गाडीने दोघांना घेऊन गेली. चाकासकट. जाताना रडत होती. बरं झालं. सुटलो एकदाचा.

२७ फेब्रुवारी, पहाटे
शांत झोप लागायला हवी होती. जागा आहे. घरात काहीच वाजत नाही.

२८ फेब्रुवारी
सलाउद्दीनकडून नुसतं चाक आणलं. त्याने विचारलं, पिंजरा कौनसा? म्हटलं, अजून ठरायचंय. चाक मशीनवर ठेवलं, बोटाने फिरवून पाहिलं. तसा आवाज येत नाही. उद्या तेल घालून बघतो.