उलट्या तसबिरीची भिंत

मी, एल्विरा बोलिंचेस सांचिस, वय वर्षे ८१, कै. मातेउ क्लिमेंत यांची पत्नी, धंदा तसबिरींच्या चौकटी करणे, राहणार शातिवा, किल्ल्याखालची जुनी वस्ती, दोन तोट्यांच्या कारंज्यासमोर, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळे चष्म्याने चालतात, गुडघे अजिबात चालत नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणायचा प्रयत्न दोघांनी केला. ती दोघे माझीच मुले आहेत आणि त्यांची नावे पुढे येतील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास ते खोटे समजावे.

नोटरी साहेब म्हणाले की साक्षीदारांची कायद्याला गरज नाही. मी म्हटले, मला आहे. माझ्या वडिलांच्या मृत्युपत्राचे साक्षीदार त्यांचेच मित्र होते आणि त्यात काय लिहिले आहे ते ऐकून माझ्याबरोबर ओरडायला कोणी नव्हते.

नोटरी साहेब वायादोलिदकडचे, म्हणजे परमुलखातले, असल्यामुळे त्यांना एक गोष्ट समजावून द्यावी लागली. ती इथेही नोंदवते, म्हणजे हा कागद पुढे कोणा परक्या न्यायाधीशापुढे गेला तर अडायला नको. तीनशे वर्षांपूर्वी ज्या राजाने आमचे शहर जाळले, त्याचे चित्र आमच्या संग्रहालयात डोके खाली करून टांगलेले आहे. ते चुकून तसे झालेले नाही. तो राजा मेला, त्याचे पणतू-खापरपणतू मेले, चित्र उलटेच आहे. आम्हाला सगळा मुलूख ‘जळके’ म्हणतो आणि आम्ही ते नाव मानाने मिरवतो. कोणी आमच्यावर अन्याय केला तर त्याचे काय करायचे, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

कलम १. दुकान, दुकानावरचे राहते घर, मागचे अंगण आणि अंगणातले संत्र्याचे झाड मी माझा मुलगा पास्कुआल यास देते. हत्यारेही त्यालाच: पंचेचाळीस अंशांची मोठी करवत, दोन रंधे, पटाश्या, काच कापायची हिरकणी, सरसाचे तांब्याचे भांडे आणि सोन्याच्या वर्खाची उरलेली पुस्तके. भांडे घासून लख्ख करू नये. त्याचा काळेपणा माझ्या आजोबांच्या वेळचा आहे.

कलम २. माझी मुलगी इनेस हिला बँकेतली सर्व शिल्लक आणि माझ्या आईची कर्णफुले. कायद्याने तिचा जो वाटा मोडताच येत नाही, त्यात हे कमी पडले तर कमी पडेल ते पास्कुआलने पुरे करावे.

ही दोन कलमे वाचून शहरात जो उठेल तो म्हणेल की म्हातारीने शेवटी बापाचाच कित्ता गिरवला. असे माझी मुलगीही म्हणते. म्हणून हे मृत्युपत्र इथे संपत नाही.

माझे वडील बाउतिस्ता बोलिंचेस १९७१ साली वारले. मी तेराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली काम करत होते. करवत, सरस, वर्ख, सगळे येत होते. शेवटची पाच वर्षे त्यांचे हात थरथरायचे, तेव्हा दुकान मीच चालवले. माझा भाऊ एलिसेओ त्या काळात व्हॅलेन्सियाला मोटारगाड्या विकत होता आणि रविवारी भट्टीतला भात जेवायला यायचा. नोटरीने मृत्युपत्र वाचले. दुकान, घर, हत्यारे एलिसेओला. मला कायद्याने टाळता येत नव्हता तेवढा सहावा हिस्सा आणि वर एक वाक्य: ‘लग्न होईपर्यंत एल्विराने भावाचे घर सांभाळावे.’

मी तिथून सरळ दुकानात आले. गल्ल्याच्या वर वडिलांचे तैलचित्र होते. एका चित्रकाराने चौकटींच्या बदल्यात काढून दिलेले, चेहरा हुबेहूब. ते उतरवले, पालथे घातले, वरच्या कडेच्या दोन्ही कड्या सोडवल्या, खालच्या कडेला बसवल्या आणि वडिलांना डोके खाली करून त्याच खिळ्यावर टांगले. भर दुपार होती आणि दुकानाचे दार सताड उघडे होते.

तासाभरात सगळी गल्ली पाहून गेली. कोणाला काही सांगावे लागले नाही. आई रडली. पाद्रीबाबा आले आणि म्हणाले, बापाला असे करणे हे पाप आहे. मी म्हटले, “राजाला केलं तर पाहुण्यांना दाखवायला नेता, आणि बापाला केलं की पाप?” ते पुन्हा आले ते थेट माझ्या लग्नाचे ठरवायला.

एलिसेओने दुकान तीन वर्षे चालवले. चालवले म्हणजे उघडले. चौकटीचे तीन कोपरे त्याला जमायचे, चौथा कधी जुळला नाही. गिऱ्हाइके त्याला नमस्कार करायची आणि काम माझ्या हातात द्यायची. शेवटी कंटाळून त्याने आपला हिस्सा मला विकला आणि गाड्यांकडे परत गेला. जे माझेच होते ते मी विकत घेतले. त्या काळी बाईच्या सहीला नवऱ्याची परवानगी लागे. मातेउने कागद न वाचता सही केली आणि जेवायला काय आहे ते विचारले. त्या एका सहीसाठी मी त्याचे पुढचे सगळे घोरणे सहन केले.

कलम ३. माझा भाऊ एलिसेओ, वय ८५, यास त्याने १९७२ साली केलेली चौकट देते. माळ्यावर जपून ठेवली आहे. चौथा कोपरा अजून उघडा आहे. इतक्या वर्षांत तो मला एकदाही म्हणाला नाही की वडिलांचे चुकले. म्हणाला असता तर मी त्याच दिवशी कड्या बदलल्या असत्या, हे त्याला माहीत होते.

कलम ४. समोरची मिठाईवाली रेमेई हिला दुकानातली उंच खुर्ची. चोपन्न वर्षे ती त्याच खुर्चीत बसून चुगल्या करते आहे, आता निदान हक्काने करील. नवऱ्याने सोडलेल्या बायका त्याची तसबीर घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या आणि ‘कड्या खालच्या बाजूला’ म्हणू लागल्या, त्यांतल्या निम्म्या रेमेईनेच पाठवल्या होत्या. मोबदल्यात तिने दर वर्षी भोपळ्याच्या गोड पदार्थाचे एक मडके पाठवावे, असे मी म्हटले असते, पण मी नसणार. ते मडके पास्कुआलला द्यावे. त्यावर बदाम मोजून लावू नयेत.

आता इनेस.

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी दोन्ही मुले जेवायला होती. इनेस अलिकान्तेला वकिली करते, नावाजलेली आहे. भाताचे मडके मधे ठेवून मी त्यांना कलम एक आणि दोन सांगितले. पास्कुआल म्हणाला की त्याला अर्धे पुरे, अर्धे तिला दे. मी त्याला गप्प बसवले. अर्धे-अर्धे केलेले दुकान वर्षभरात विकले जाते आणि तिथे पर्यटकांच्या खोल्या होतात. आमच्या गल्लीत अशी चार झाली. इनेसने चमचा खाली ठेवला.

“आई, मग आजोबांना सरळ कर.”

“का म्हणून?”

“त्यांनी मुलाला दिलं म्हणून तू त्यांना उलटं टांगलंस. आता तूही मुलालाच देतेयस.”

मी म्हटले, “त्यांनी मुलगा बघून दिलं. मी हात बघून देते. पास्कुआलचे हात बघ जरा.” त्याचे हात खरोखर पाहण्यासारखे आहेत. तीस वर्षांचा सरस आहे त्यांवर आणि डाव्या अंगठ्याचे टोक नाही.

“बघितले,” इनेस म्हणाली. “आणि माझे मऊ कोणी ठेवले? मी बारा वर्षांची असताना तुझ्याकडे करवत मागितली होती. तू काय म्हणालीस, आठवतं?”

मला आठवत होते. आठवत नाही असे मी दाखवले. मी म्हटले होते, पुन्हा करवतीला हात लावलास तर बोटे मोडीन, तू कायदा शिकायचास. माझ्या मुलीपुढे कोणी कागद वाचावा आणि तिला तो नुसता ऐकून घ्यावा लागावा, हे मला होऊ द्यायचे नव्हते. मला ते प्रेम वाटले होते. मला अजूनही ते प्रेमच वाटते.

“मला कोणी विचारलं होतं?” ती म्हणाली.

पास्कुआल उठून सरस बघायला गेला. रविवारी सरस तापत नसतो.

निघताना ती दारात थांबली. “वकील म्हणून सांगते, आई. तुझं मृत्युपत्र कायद्यात बसतं.” मग तिने गल्ल्याच्या वर पाहिले. “त्यांचंही बसत होतं.”

मी तीन आठवडे विचार केला. कलम एक बदललेले नाही आणि बदलणार नाही. आज माझी करवत चालवायला एकच माणूस आहे आणि तो पास्कुआल आहे. तो मुलगा आहे हा माझा दोष नाही आणि त्याचाही नाही. पण दुसरी व्यक्ती तयार होऊ नये अशी व्यवस्था मीच केली, हा दोष माझा आहे. तो मी इथे माझ्या हाताने लिहून देते. वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी तिच्याकडे पाहिले आणि तरीही तिचे ऐकले नाही. यातले जास्त वाईट कोणते, ते मला ठरवता येत नाही.

गेल्या शुक्रवारी मी वडिलांना खाली उतरवले आणि टेबलावर सरळ ठेवले. चोपन्न वर्षांत मी त्यांचा चेहरा सरळ पाहिला नव्हता. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान दिसले. कपाळावर आठी आहे, तीच माझ्याही कपाळावर आहे. मी रडले. काच नसल्यामुळे रंगावर पाणी पडू नये म्हणून तोंड फिरवून रडले. मग धूळ पुसली आणि त्यांना पुन्हा उलटे टांगले. मी रडले म्हणजे माफ केले, असा अर्थ कोणी काढू नये.

कलम ५. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नोटरी साहेबांना ते मुळीच आवडलेले नाही. दुकान पास्कुआलचे असले तरी गल्ल्याच्या वरची भिंत, छतापासून लाकडी पट्टीपर्यंत, इनेसच्या ताब्यात राहील. तिच्या हयातीत त्या भिंतीवर काय असावे, कसे असावे, हे फक्त ती ठरवील. पास्कुआलने त्या भिंतीला रंग देतानाही तिला विचारावे. दुकानाची एक किल्ली कायम तिच्याकडे असेल आणि तिने केव्हाही, न सांगता यावे. आलीच तर तिला मोठी करवत वापरू द्यावी. पन्नाशीत शिकता येते. कोपरा जुळला नाही तर हसू नये.

त्या भिंतीवर वडिलांच्या शेजारी माझी तसबीर लावायची आहे. फोटो इनेसनेच काढलेला आहे: चष्मा कपाळावर, हातात ब्रश, तोंड उघडे, कारण मी तिला ओरडत होते. चौकट अक्रोडाची, मी केलेली, या धंद्यातली माझी शेवटची. तिला मी चार कड्या बसवल्या आहेत, दोन वरच्या कडेला, दोन खालच्या कडेला, आणि दोन्हीकडे तार ओढून ठेवली आहे. कुठल्याही बाजूने टांगली तरी ती तिरकी बसत नाही. पाणसळ लावून दोन्हीकडून तपासली आहे.

मला सरळ लावायचे की उलटे, हे इनेसने ठरवावे. तिने घाई करू नये, आणि माझी दया येऊन सरळ लावू नये. एकदा लावल्यावर मन बदलले तर फिरवावी, कड्या आहेतच. वडिलांचाही निकाल आता तिच्याच हाती. ते काम मला जमले नाही.

कलम ६. माझ्या शवपेटीचे कोपरे पास्कुआलने बंद करण्याआधी स्वतः बघावेत. बाजारच्या पेट्यांवर माझा विश्वास नाही.

कलम ७. इनेसने मला उलटे टांगले तर शहरात कोणी तिला नावे ठेवू नयेत. कोणी ठेवलीच, तर त्याला सांगावे की खिळा एल्विराने स्वतः ठोकला होता.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. दोन ठिकाणी नोटरी साहेबांनी माझे शब्द मऊ केले होते, ते मी पुन्हा होते तसे करून घेतले. हा मजकूर माझाच आहे आणि मला मान्य आहे.

(सही) एल्विरा बोलिंचेस सांचिस

साक्षीदार पहिली: रेमेई ग्वार्दियोला, मिठाईचा धंदा, राहणार समोर. उंच खुर्चीतच बसून सही केली.

साक्षीदार दुसरी: इनेस क्लिमेंत बोलिंचेस, वकील, राहणार अलिकान्ते. वारस असल्यामुळे कायद्याने हिची साक्ष धरता येत नाही, असे नोटरींनी बजावले. तरीही मृत्युपत्र करणारीच्या आग्रहाखातर हिने पुढील एवढेच लिहून सही केली आहे: ‘खिळा भिंतीत आहे. मी हात लावून पाहिला. आईने तो आजोबांच्या खिळ्यापेक्षा एक बोट वर ठोकला आहे.’

स्थळ: शातिवा, गल्ल्यासमोर.
दिनांक: बुधवार, १२ मार्च २०२५.