तिसऱ्या बेसवरची आडकाठी

नाशिक, रविवार

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी मयुरेशचा नमस्कार. काकूचा गुडघा मनमाडच्या जिन्यांशी जुळवून घेतोय ना? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. (नाही.)

परवाच्या सॉफ्टबॉल सामन्याबद्दल यशश्रीने घरी काय सांगितलं असेल याची कल्पना आहे. आता अंपायरचंही ऐका. मुळात मनमाडच्या सामन्याला मी उभा राहणारच नव्हतो. पण दुसरे अंपायर निफाडला साखरपुड्याला गेले, ते परतलेच नाहीत. शेवटचा डाव, बरोबरी. नाशिकची एक मुलगी तिसऱ्या बेसला वळसा घालून धाव पुरी करायला होमकडे निघाली, आणि आपली यशू दोन्ही हात कमरेवर ठेवून, भाजीवाल्याची वाट बघावी तशी बॉलची वाट बघत ऐन रस्त्यात उभी. बॉल अजून मैदानाच्या पार टोकाला. टक्कर झाली, मुलगी धडपडली, उठून धावली आणि होमवर वीतभराने बाद. मनमाडच्या मुली नाचायला लागल्या. माझा डावा हात मात्र मघापासून आडवा पसरलेला. (अडथळा दिसला की हात पसरायचा आणि तो खेळ थांबेपर्यंत गप्प राहायचं. आपल्या घराण्यात हे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.) मग विचार एवढाच करायचा, की अडवलं नसतं तर ती पोहोचली असती का? टकरीत तीन पावलं गेली, बाद वीतभराने. मी धाव दिली. मनमाड हरलं.

तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी यशूला सगळ्यांसमोर नियम समजावला, की हातात बॉल नसताना कोणाची वाट अडवायची नसते. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, दादा. बावीस तारखेला तू वहिनीला घेऊन घरी येशील, तेव्हा दार अडवायलाही माझ्या हातात बॉल नसणार. मग मी लग्नाला येतच नाही."

काका, मला सख्खी बहीण नाही. माझं दार यशूच अडवणार, हे लहानपणापासून ठरलेलं. काय काय कबूल करून घ्यायचं याची यादी तिने सातवीतच केली होती. आई म्हणते, शेजारच्या झुंबरबाईंच्या मुलीला उभी करू. मला रडूच येतं.

आपला,
मयुरेश

ता. क. : धावणारी मुलगी कोण, हे यशूने सांगितलंच असेल. हो, संजनाच. इराची, म्हणजे तुमच्या होणाऱ्या सूनबाईंची, धाकटी बहीण. निर्णय बरोबरच होता. पण त्या संध्याकाळी इराच्या घरी श्रीखंडपुरी होती आणि मी तीनदा वाढून घेतलं, हेही खरं.

ता. क. २ : यशूला एवढंच सांगा. ये, आणि ऐन दारात, हात कमरेवर ठेवून उभी राहा. तू अडवेपर्यंत मी आणि इरा उंबऱ्याबाहेरच थांबू. डावा हात खिशात ठेवीन, शपथ.