दसऱ्याचं कुंकू आणि पन्नास पिना

प्रिय रविंद्र,

नाही, पुरे! केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे, हे शंभरदा सांगितलंस. पण ही डिस्क आपल्या पीसीला लागतच नाही, हे एकदा तरी सांगायचंस ना? तुमच्या टगबोटीवरचा जुना कॉम्प्युटर काढला, त्यातली ही डिस्क घरी आणलीस आणि म्हणालास, परत आलो की जोडू, फोटो आहेत त्यात. परत आलो की! सकाळपासून मी पीसीची केबल तिच्यात कोंबतेय. चाळीस भोकं, पन्नास पिना. दोन वाकल्या. त्या सुरीच्या टोकानं सरळ केल्या.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या प्रबोधला बोलावलं. तोच, पुण्याचा, ज्याला तू ‘आयुष्यात पाना न धरलेला’ म्हणतोस. तो म्हणाला, वहिनी, तुमच्या पीसीतली डिस्क आयडीई जातीची, ही स्कझी. वेगळं कार्ड लागेल, डिस्कला तिचा नंबर द्यावा लागेल, केबलच्या टोकाला टर्मिनेटर लागेल. मी शहाणपणा केला, विचारलं, आणि मास्टर-स्लेव्ह? ते यात नसतंच म्हणाला. मग त्यानं डिस्क खिडकीपाशी धरली आणि मला दाखवली. पिनांच्या मुळाशी लाल चिखल.

दसऱ्याला तूच फोन केलास ना, माझ्या हत्यारांची पूजा कर म्हणून? पाने, मीटर, आणि शेजारी ही. सगळ्यांना सारखं हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. तुझी वस्तू, तिला एकटीला कशी वगळू?

त्यानंतर ते वादळ, आणि तुमची टग बेपत्ता. काल तिचा लाइफ राफ्ट, तो जीव वाचवायचा फुगवता तराफा, सापडला. रिकामा. इथल्या तांजोंग पगार बंदरावरच्या शोधाच्या ऑफिसातला माणूस फार हळू बोलतो रे, त्याचीच भीती वाटते. म्हणाला, मॅडम, कागदावर एकच राफ्ट आहे, आज संध्याकाळी शोध थांबेल. मी फोनवर ओरडले, दुसरा आहे! भंगारातल्या बोटीवरचा, माझ्या नवऱ्यानं दुरुस्त करून स्वतः बसवलाय! तो म्हणाला, फोटो आहे?

प्रबोध स्वतःच्या ऑफिसातून ते कार्ड घेऊन आला. आता टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पिन घासतोय. आपली जाई त्याला इथल्या इंग्रजीत विचारतेय, अंकल, पप्पा स्टिल ऑन द बोट, आ? तो तिला टॉर्च धरायला देतो. डिस्क फिरली तर ठीक. नाही फिरली, तर माझ्या कुंकवानंच... नको. लिहीत नाही.

फिरली! आधी खरखरली, मग फिरली. रविंद्र, फोटो उघडला. डेकवर दुसरा राफ्ट घडी करून ठेवलेला पांढरा ड्रम, मागे टगचं नाव, आणि ड्रमवर तुझी कुंकवाची पाच बोटं. नवीन काही बसवलं की लावल्याशिवाय तुला चैन पडतं का? फोटो फ्लॉपीवर घेतलाय, त्या ऑफिसातल्या माणसापुढे ठेवायला. प्रबोधनं लिफ्ट अडवून धरलीय, खाली टॅक्सी आहे.

आणि हे पत्र का, तर भांडण अर्धवट टाकून तू कधीच गेला नाहीस. पार गेटपर्यंत पोचलास तरी शेवटचं वाक्य बोलायला परत वर येतोस. म्हणून मुद्दाम अर्धवट टाकतेय. कीबोर्डखाली ठेवते. तुझं जे काही म्हणणं असेल ते इथे, घरी येऊन म्हण. आत्ता ऐकायला मी थांबत नाही. निघाले.

भांडायला तुझीच,
मधुवंती