फळीवरच्या एकोणीस किल्ल्या

टॅलेगन, क्वीन्सलंड
४ मे १९९४

चि. नोएलीन हिस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद (न मागता दिलेले आहेत, परत करू नयेत).

पत्र पावलं. आई जिन्यावरून घसरून गुडघा दुखावून बसली त्याला सहा आठवडे झाले, आणि सहाही आठवडे तू एकच लिहिते आहेस, की एकोणऐंशीव्या वर्षी तिने एकटं राहू नये, वेल्बीला तुझ्याकडे यावं. ती घर सोडायची नाही असं मी कळवलं, तर तू घरच उचलून न्यायचं ठरवलंस. घराची गणना स्थावर मालमत्तेत करणारे पंडित आपल्या भागात फिरकले नसावेत. इथे लाकडी घर पुरुषभर उंचीच्या खुंटांवरून उतरवायचं, मधोमध करवतायचं, दोन ट्रेलरांवर चढवायचं की झालं जंगम.

काल विषय काढायला गेलो. त्रिखंडात्मक भाषण तयार होतं. आई वाटाणे सोलत होती. तेवढ्यात अकराची मालगाडी आली. घरासमोरच्या रस्त्याच्या मधोमध गेलेले रूळ आणि त्यांवरची मालगाडी यांचं तुला कौतुक नाही, पण डोहर्टीबाईंची मोटार रुळापासून वीतभर अंतरावर उभी होती आणि बाई कामावर. आईने पडवीतल्या फळीवरून त्यांची किल्ली काढली, काठी टेकत बारा पायऱ्या उतरली, मोटार मागे घेतली, इंजिनातल्या माणसाला हात केला आणि वर येऊन उरलेले वाटाणे सोलले. सबंध रस्त्याच्या एकोणीस मोटारींच्या जादा किल्ल्या अजून तिच्याकडेच असतात. मग ती म्हणाली, की नेतोस तर ने घर. भाषणाचा पहिला खंडसुद्धा झाला नव्हता.

तिची संमती एवढी सुलभ कशी, यावर मी विचार करतो आहे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवल्यास हरकत नाही.

तुझा लाईल

वेल्बी
१५ मे

प्रिय लाईल,

नमस्कार. आशीर्वाद मिळाले. जागा नव्हती, तरी ठेवून घेतले.

तुझ्या मेहुण्याने, बॅरीने, बत्तीस खुंट रोवले आहेत, बुटके. दोनच पायऱ्या लागतील. व्हरांडा दरीकडे केला आहे. समोर रस्ता नाही, मालगाडी नाही. कपबशा हादरणार नाहीत.

आई नक्की काय म्हणाली ते जसंच्या तसं कळव. शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या माणसाला तेवढं जमावं. तू प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावतोस आणि मूळ वाक्य गाळतोस.

आणखी एक, हसू नकोस. गुडघा हे निमित्त आहे. एकोणिसाव्या वर्षी मी मोटार घेऊन निघाले ती निघालेच. तेव्हापासून त्या घरात पाहुणी म्हणून जाते; आई माझ्यासाठी चांगल्या चादरी काढते. मला सकाळी उठल्यावर तिची किटली ऐकू यायला हवी आहे. एवढंच.

तुझी नोएलीन

टॅलेगन
२९ मे

चि. नोएलीन हिस अ. उ. आ. (हे ठेवायला फडताळ बॅरीकडून करून घ्यावं).

हसलो नाही. मूळ वाक्य असं: “घर नेतोस तर ने, पण माझे खुंट इथेच राहतील.” यात मला वृद्ध मनाची हळवी आसक्ती दिसते. झाला अर्थ लावून.

काल तिला घरं हलवणाऱ्या ड्रूरीच्या आवारात नेलं. तिथे उचलून आणलेली घरं विकायला ओळीने उभी असतात. घराला करवत लावणारे हात आधी बघायचे, असं तिचं म्हणणं. हात पाहून झाल्यावर ती कोपऱ्यातल्या एका दोन खोल्यांच्या घराच्या व्हरांड्यात पाऊण तास बसून होती. रेल्वेच्या जुन्या फाटकवाल्याचं घर. रंग गेलेला, पत्रा ठीक. मग तिने ड्रूरीला विचारलं, की उभा खुंट वरून कापला तर किती उरला म्हणजे वाळवीपासून धोका नाही. तो म्हणाला, हातभर. दोघांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली. तिची ज्ञानलालसा पाहून मी सद्गदित झालो. निघताना तिने कसल्याशा कागदावर सही केली. पेन मी दिलं.

बारा जूनच्या रविवारी, मालगाडी नसते त्या दिवशी, घर निघेल. आई आठवडाभर माझ्याकडे राहील आणि शनिवारच्या बसने तुझ्याकडे येईल.

लोभाचा साठा कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा लाईल

वेल्बी
१४ जून

लाईल,

घर पोचलं. दोन्ही अर्धी जुळली. पडवीत पायाखाली सांधा लागतो, तेवढंच. चांगल्या चादरीसुद्धा कपाटात आहेत. मी आईचा पलंग घातला, किटली मांडली.

मग किल्ल्यांची फळी पाहिली. एकोणीस खिळे, प्रत्येकाखाली आईच्या अक्षरात नाव. डोहर्टी, पप्पास बेकरी, शेवटी तू. किल्ली एकही नाही.

ड्रूरीच्या माणसांना विचारलं. ते म्हणाले, करवत लावायच्या आधी म्हातारबाईंनी एकेक काढून पर्समध्ये टाकली.

माझ्या नावाचा खिळा मी शोधला. नाही. असणार कसा?

ती शनिवारी येणार नाही ना? अर्थ लावू नकोस, सरळ सांग.

नोएलीन

टॅलेगन
१६ जून

चि. नोएलीन, तुझ्या आईचा आशीर्वाद.

लाईलने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. शनिवारी बसपाशी थांबू नकोस.

तुला घर हवं होतं, ते दिलं. मनापासून दिलं. बारा पायऱ्या होत्या त्याला, आणि खोल्या सहा. मला रस्ता हवा होता. तू माझं म्हणणं घराबद्दल विचारलंस, म्हणून मी घराबद्दलच सांगितलं. हे बरं केलं नाही, कळतं मला.

त्या दिवशी सही करून घेतलेलं फाटकवाल्याचं घर काल माझ्या खुंटांवर बसलं. खुंट कापून घेतले, आता तीन पायऱ्या. गुडघ्याची तक्रार नाही. अकराच्या मालगाडीने घर बदललेलं पाहून शिट्टी दिली. लाईल पेन दिल्याबद्दल अजून रुसला आहे. जेवला मात्र दोनदा.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे तुझ्याकडे येईन. तोवर बेकरीवाले पप्पास किल्ल्या सांभाळायला शिकतील. किटली मांडलेली राहू दे, पण त्या चांगल्या चादरी घालू नकोस. साध्या घाल.

माया आहे तिथेच आहे. घर लहान असलं तरी.

आई

ता. क. नवी फळी केली, वीस खिळ्यांची. तुझ्या मोटारीची जादा किल्ली पाठव. इथे आलीस की नेहमी रुळाला खेटून लावतेस.