टेक शिकवला त्याची गोष्ट

मुर्री, शनिवार, संध्याकाळ

एक 'टेक' शिकायला मला नऊ वर्षं लागली. पहाटे उठून बिरसीच्या विमानतळावर शिकणाऱ्या वैमानिक पोरांना पोहे वाढायचे आणि कान उघडे ठेवायचे. टेक ऑफ म्हणजे उड्डाण, टेक केअर म्हणजे जपून, टेक ओव्हर म्हणजे आता तू सांभाळ. सूनबाईच्या नोकरीच्या इंग्रजी परीक्षेसाठी हे सगळं तिच्याकडून घोकून घेतलं. आणि आज ती पास झाली! चौकात पेढे वाटत सांगितलं, "माह्या शिकवणीनं पास झाली."

पानठेलेवाला म्हणाला, "काका, तुमी त मास्तरच निंघाले!"

निघालोच की. पुस्तकाविना टेक कोण शिकवतो? कानांचीच कमाई ना ही?

घरी सूनबाई पेढा घेत हळूच म्हणाली, "मामाजी, पेपरात टेक आलाच नव्हता."