दातांच्या दवाखान्यातले स्पीकर

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बातमी अशी, की स्पीकर गेले. दिवाणखान्यातले ते दोन कमरेएवढे लाकडी स्पीकर मी काल विकले. एकतीस वर्षं ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे उभे होते. त्यांची धूळ पुसायची मी, त्यांच्या वायरींत पाय अडकायचा माझा, आणि ह्यांनी एकदा रेकॉर्ड लावली की थरथरायची माझ्या मांडणीवरची भांडी. त्या आवाजावरून रोज संध्याकाळी पाच ते सात आमचं भांडण. आता ते प्रकरण संपलं.

घेणारी माझीच जुनी विद्यार्थिनी, हल्ली दातांची डॉक्टर आहे. आतल्या यंत्राची घरघर ऐकून बाहेर बसलेले पेशंट पळून जातात, म्हणून तिला काहीतरी भक्कम वाजणारं हवं होतं. भूगोलात कच्ची होती, पण व्यवहार चोख केला. दोन माणसं हातगाडी घेऊन आली आणि अर्ध्या तासात खोली मोकळी! तिथे मी फर्नच्या कुंड्या मांडल्या आहेत.

ह्यांना न विचारता केलं असं समजू नकोस. तुला योग्य वाटेल ते कर, म्हणाले. स्पीकर बाहेर नेताना दारही ह्यांनीच धरलं.

तुझा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेत नसशील. माझी माया गृहीत धर आणि उत्तर दे.

तुझी,
ताई

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खोकला थांबला, कारण श्वासच थांबला. ताई, ते स्पीकर माझे होते! बदली झाली तेव्हा पंधरा दिवसांसाठी तुझ्याकडे ठेवले होते. ते पंधरा दिवस अजून संपले नव्हते इतकंच. आता निवृत्तीनंतर नेईन म्हणत होतो, तर तू ते एका भूगोलात कच्च्या बाईला देऊन मोकळी झालीस.

पण माझं जाऊ दे. मला काळजी भाऊजींची वाटते. ज्या माणसाने रेकॉर्ड पुसायच्या मखमली फडक्याला कुणाला हात लावू दिला नाही, तो तुला योग्य वाटेल ते कर म्हणतो? आणि दार धरतो? ताई, प्रेत बाहेर काढतानाही कुणीतरी दार धरतंच.

खोकला बरा आहे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

२३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

जी वस्तू एकतीस वर्षं ज्याने पुसली ती त्याची. हा विषय संपला.

आता नीट वाच, आणि कुणाला बोलू नकोस. हे फोनवर सांगता येत नाही, कारण हे शेजारच्याच खुर्चीत असतात. धाकट्या, हे सभ्य झाले आहेत. चहा दिला की आभार मानतात. काल वर्तमानपत्र आधी वाचू का, अशी परवानगी मागितली. एकदाही भांडले नाहीत. खिडकीकडे जाताना अजून त्या कोपऱ्याला वळसा घालतात, जसा काही स्पीकर तिथेच आहे. आणि पाचच्या ठोक्याला घराबाहेर पडतात ते सातला येतात. फिरायला जातो म्हणतात. फाटकापर्यंत जाण्याला व्यायाम म्हणणारा हा माणूस!

मी साबणाच्या वडीएवढा एक नवा स्पीकर आणला. त्यातून गाणं येतं ते डबीत डास अडकल्यासारखं. ह्यांनी पूर्ण ऐकलं आणि छान आहे म्हणाले. इतकं धडधडीत खोटं हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. तेव्हा मात्र मला कळलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला मी घरातला पाहुणा करून ठेवलं आहे.

म्हणून स्पीकर परत घ्यायचं ठरवलं. एका सकाळी दवाखान्यात गेले. पण विकलेली वस्तू परत मागायची कशी? जीभ रेटेना. दाढ दुखते म्हणाले. तिने फोटो काढला, दाढ ठणठणीत निघाली. दुसऱ्यांदा गेले, दात स्वच्छ करून परत आले. बाहेर वीस-वीस मिनिटं बसावं लागलं. स्पीकर चांगले वाजतात. हे मी फक्त तुला लिहिते आहे.

तिसऱ्या खेपेला विचारलंच. ती चाचरत म्हणाली की बाई, आता पेशंट पळत नाहीत, उलट लवकर येऊन बसतात. आणि द्यायचे झालेच तर एका गृहस्थांनी आधीच शब्द टाकून ठेवला आहे. ते म्हणे रोज पाचला येतात, सातपर्यंत बसतात आणि दात दुखतो म्हणतात. कोण हा रिकामटेकडा! घरी बायको विचारत नाही का त्याला? त्याचं मन कसं वळवावं ते कळव.

आशीर्वाद पुष्कळ, सवड थोडी.

तुझी,
ताई

२५ जून

प्रिय मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

मी तुला सहसा पत्र लिहीत नाही, त्यावरून प्रसंग ओळख. गोष्ट तुझ्यामाझ्यात राहू दे. मी रोज दातांच्या डॉक्टरकडे जातो. माझ्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, हे तुला ठाऊक आहेच. पहिल्या दिवशी डॉक्टरने विचारलं कोणता दुखतो, मी म्हणालो सगळेच. तिने तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा कवळी काढून तिच्या हातात दिली. पोरगी समंजस. कवळी पुसून परत दिली आणि म्हणाली, बसा काका, हवं तितका वेळ.

तुझ्या ताईला का सांगत नाही म्हणशील. ती इतक्या आनंदाने कुंड्या मांडत होती! आता मला करमत नाही म्हटलं, तर तिचं चुकलं असा अर्थ होतो. आणि चुकण्याची तिला सवय नाही. या वयात एकदम नवी सवय झेपायची नाही तिला.

घोर एकच लागला आहे. सकाळी कुणी एक बाई येते आणि ती स्पीकर मागते आहे. डॉक्टर नाव सांगत नाही, नुसती घाबरते. बाई फार करडी आहे म्हणे, बाकाच्या कडेला रेललेल्या पेशंटांना ताठ बसायला लावते. अशा बाईच्या घरी ते स्पीकर सुखाने वाजतील का, तूच सांग.

तुझा,
भाऊजी

२८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्यावर दोन्हीकडून शपथा आहेत, म्हणून मी कुणाबद्दल काहीही सांगणार नाही. स्पीकरचा मूळ मालक म्हणून फक्त हुकूम करतो. त्या रिकामटेकड्या गृहस्थाशी तू स्वतः बोल. दवाखान्यात सकाळी जाऊ नकोस, पाचला जा. अपॉइंटमेंट घेऊ नकोस, आणि देवाशपथ, धडधाकट दाढ काढून घेऊ नकोस.

तुमच्या दोघांच्याही लोभात दबलेला,
धाकटा

३ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला माहीत होतं. तुझा समाचार भेटीत घेईन.

पाचला गेले. आठ पेशंट बसले होते. दोन स्पीकरच्या मधोमध, डोळे मिटून, गुडघ्यावर ठेका धरून बसलेले गृहस्थ म्हणजे हे! मी त्या रिकामटेकड्यासाठी रस्ताभर एक करकरीत भाषण तयार केलं होतं. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, उठून उभे राहिले आणि आपली खुर्ची पुढे करून मला म्हणाले, बसा. बसा! मला, स्वतःच्या बायकोला. भाषण कुठल्या कुठे गेलं.

माझं चुकलं, असं मी म्हणाले. ह्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणाले. मान हलवून पुन्हा हात कानामागे. गाणं अगदी रंगात होतं, तबला कडाडत होता. मग मी शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा वर्गातला आवाज लावला आणि म्हणाले की चुकलं माझं, ते स्पीकर मी विकायला नको होते, घर खायला उठलंय. नेमकं तेव्हाच गाणं संपलं.

आठही पेशंटांनी ऐकलं. एकाने टाळी वाजवली, त्याला मी नजरेने गप्प केलं. डॉक्टर हातात आरसा घेऊन बाहेर आली, तिच्यामागे गळ्यात फडकं बांधलेला पेशंट. ती सवयीने दोन्ही हात बाजूला घेऊन ताठ उभी राहिली आणि म्हणाली, बाई, घेऊन जा, मी दुसरे बघते. हे हसायला लागले ते कवळी सावरत बाहेर गेले.

रविवारी हातगाडी आली. कुंड्या गॅलरीत गेल्या. काल ह्यांनी चहा तसाच ठेवला, गार झाल्यावर माझ्यावरच डाफरले, आभार वगैरे काही नाही. जीव भांड्यात पडला.

तू स्पीकर न्यायला येणार असशील तर येऊ नकोस. एरवी कधीही ये.

तुझी,
ताई

६ जुलै

प्रिय मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

दवाखान्यातली हकिकत ताईने कळवली असेलच. मला दोनदा ऐकू आलं नाही, असंही लिहिलं असेल. म्हणून दुरुस्ती करतो. मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं ते आपण जागे आहोत ना, याची खात्री करायला. तिसऱ्यांदा मात्र निव्वळ तिच्या आवाजासाठी. खालचा सूर इतका भरीव, वरचा इतका लख्ख, आणि मध्ये कुठेही खरखर नाही! एकतीस वर्षं कान देऊन ऐकतो आहे, पण असं काही त्या दोन्ही स्पीकरमधून मिळूनही कधी आलं नव्हतं.

हे पत्र फाडून टाक. लोभ मात्र राहू दे.

तुझा,
भाऊजी