नकाशाला उशीर का झाला

प्रिय योगेश,

फोन उचलत नाहीस, म्हणून सचिन गावातल्या तुझ्या खोलीवर हे पत्र पाठवतेय. फाडू नकोस, आधी वाच.

इकडे लिंबायतमध्ये आम्ही ठीक आहोत. आई पुन्हा साड्यांना लेस लावायचं काम घेते. परवा मध्येच थांबून तिने विचारलं, “योगेश काबर येत नही?” का येत नाहीस, ते तूच येऊन सांग तिला.

तू आपली पुराचा अंदाज देणारी संस्था सोडलीस आणि सरांनी तुझं काम माझ्याकडे दिलं. गेल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी आधी गल्ल्यांत शिरलं आणि आपला पुराचा नकाशा मागून आला. बैठकीत सरांनी गुजरातीत तुझ्या प्रोग्रामलाच दोष दिला, “योगेशनो प्रोग्राम ज स्लो छे.” तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मला ते पटलं नव्हतं. पावसाचा अंदाज दूरच्या एका महासंगणकावर, खाडीच्या पाण्याचं गणित आपल्याकडच्यावर, आणि सगळ्यात शेवटी गल्लीगल्लीचा नकाशा काढणारा तुझा प्रोग्राम. शेवटी आहे म्हणून दोष त्याचाच कसा?

म्हणून त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी काढल्या. दोन यंत्रांची घड्याळंसुद्धा जुळत नव्हती. ती जुळवून प्रत्येक काम कधी सुरू झालं, कधी अडलं, ते एका रेषेवर मांडलं. तुझ्या नावावर लागलेला बहुतेक वेळ तुझा प्रोग्राम नुसता बसून होता रे! पावसाचे आकडे असंख्य बारीक फायलींतून येत होते आणि त्या वाटेतच कोंडल्या होत्या. आकडे हाती पडल्यावर चहा गाळून होईपर्यंत तुझा नकाशा तयार होता. मग फायली एकत्र बांधून त्याच दिवसाचं सगळं काम पुन्हा चालवून पाहिलं. नकाशा पाणी चढायच्या बराच आधी आला. सर सगळ्यांसमोर स्वतःची चूक कबूल करत म्हणाले, “भूल मारी हती.” तुझी जागा अजून रिकामी आहे.

पण मी हे नोकरीसाठी लिहीत नाहीये. त्या पाण्यात माझे आप्पा गेले. स्मशानातून तू जो निघालास, तो आमच्या दारात परत आलाच नाहीस. आप्पा तुझ्यामुळे गेले असं तू धरून बसला आहेस, हे मला ठाऊक आहे. तसं नाही, योगेश. मी त्यांची मुलगी आहे. नुसतं तुझं मन राखायला या बाबतीत खोटं बोलले नसते. सोमवारी त्यांचं वर्षश्राद्ध आहे. जेवायला ये, आणि ताठ मानेने ये.

तुझीच,
उज्ज्वला